मुलीची उमेदवारी आणि माझं अनुमोदन

मुलगी सध्या काय करते, असं आमच्या सोसायटीच्या चेअरमननी जिन्यात विचारलं आणि मी शुद्ध मराठीत उत्तर दिलं, तिथं सगळा घोटाळा झाला.

मुलगी युरोपातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्न होती. आता इंटर्न म्हटलं की आमच्याकडं लोकांना दवाखान्यातले शिकाऊ डॉक्टर आठवतात, आणि ते लगेच पँट वर करून गुडघा दाखवायला लागतात. चेअरमनचा गुडघा मी आधी पाहिलेला होता. परत पाहायची इच्छा नव्हती. म्हणून मी वडलांच्या तोंडचा जुना शब्द काढला आणि म्हणालो, "उमेदवारी करतेय."

वडलांच्या काळी कुणाच्या हाताखाली बिनपगारी शिकायला राहिलं की त्याला उमेदवारी म्हणायचे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या चादरी-टॉवेलच्या दुकानात मीही ती केलेली आहे, सख्ख्या वडलांच्या हाताखाली. पण चेअरमननी हा शब्द ऐकला तो महापालिकेच्या निवडणुकीच्या धामधुमीत. ते दोन पायऱ्या खाली उतरले, थांबले आणि हळूच म्हणाले, "तिकीट कुणाचं?"

मला वाटलं विमानाचं विचारतायत. मी म्हणालो, "तिकीट नाही अजून. सध्या घरूनच करतेय."

"म्हणजे अपक्ष," चेअरमन म्हणाले, आणि खाली गेले.

दोन दिवसांत दुकानात गिऱ्हाईक वाढलं. सगळे टॉवेल चाचपत आणि मुलीची चौकशी करत. एक जण तर आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याचा मेहुणा निघाला. त्यानं अर्धा डझन टॉवेल घेतले, पैसे रोख दिले आणि ताईंनी अर्ज मागं घ्यावा, पुढच्या वेळी बघू, असं फार गोड शब्दांत सुचवलं. मी टॉवेल बांधून दिले आणि विचार करतो म्हणालो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे वडलांनी त्याच बिनपगारी काळात शिकवलं होतं.

घरी हे सांगितल्यावर मुलगी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "अप्पा, लोकांना निदान ते तरी खरं वाटतंय. मी काय करते ते मलाच खरं वाटत नाही."

तोवर मला एवढंच ठाऊक होतं की निवड झाली, पण तिथं राहायचा खर्च आपल्याला झेपणारा नव्हता, म्हणून संस्थेनं घरून काम करायची मुभा दिली. मी त्याला मोठेपणा समजत होतो. आता ती बोलायला लागली. पगार नाही. रजा नाही. आजारी पडलं तर आपलं आपण. अहवाल ती लिहिते, वर नाव दुसऱ्याचं येतं. आणि ती एकटी नाही, अशा संस्थांतून जगभर तिच्यासारखी पोरं आहेत. तिथं जाऊन राहणारा एक जण मित्राच्या सोफ्यावर झोपतो, केनियातली तिची मैत्रीण शिकवण्या करून हे काम करते. ज्यांच्या घरी बरं आहे तेच टिकतात, बाकीचे गळतात. म्हणून या पोरांनी ठरवलं होतं की आपली एक संघटना काढायची. सगळ्या संस्थांतल्या इंटर्नची मिळून एकच. संस्थांशी बोलायला कुणी तरी हवं.

"मग काढा की," मी म्हणालो.

"काढायची म्हणजे कुणी तरी आधी नाव लावायला लागतं," ती म्हणाली. "माझी मुदत संपत आलीय. माझ्यावरच्या मॅडम मुदतवाढीचं बघते म्हणाल्यात. वाढली तर पुढं पगारी जागेला अर्ज करता येतो. आणि आत्ताच माझं नाव संघटनेच्या वर दिसलं तर?"

बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं ते मी ऐकलं. आता गिऱ्हाइकाला दिलं तसं 'विचार करतो' हे उत्तर मुलीला देता येईना.

मग तिनं एक गोष्ट विचारली, आणि मी सावरलो. सभा कशी चालवतात, तिनं विचारलं.

या विषयातला माझा अधिकार मोठा आहे. व्यापारी मंडळ, सोसायटी, गल्लीतलं गणेश मंडळ, अशा सगळ्या ठिकाणी मी आजवर ठरावांना अनुमोदन देत आलो आहे. ठराव मांडणारा तो सूचक, आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. सूचकाला डोकं लागतं, पुढं भांडणं निस्तरावी लागतात. अनुमोदकाला फक्त हात लागतो. सभेत शांतता पसरली, सूचक इकडंतिकडं बघायला लागला, की माझा हात आपोआप वर जातो आणि तोंडातून 'अनुमोदन' बाहेर पडतं. गटारीचे ठराव, लिफ्टचे ठराव, पार्किंगचे ठराव, सगळ्यांना मी अनुमोदन दिलेलं आहे. एकदा तर श्रद्धांजलीच्या ठरावालाही 'मनापासून अनुमोदन' म्हणालो होतो. त्यानंतर त्या घरच्यांनी आमच्याकडून चादरी घेणं बंद केलं.

मुलीला मी सूचक-अनुमोदकाचं सगळं शास्त्र समजावलं. वर एक शहाणपणाचा सल्लाही दिला की तू सूचक होऊ नकोस, अनुमोदक हो, आयुष्य सुखात जातं. आतून बायको म्हणाली, "सुम्न कूडरी." ती अक्कलकोटकडची. राग आला की तिचं कन्नड बाहेर येतं. याचा अर्थ गप बसा असा आहे, आणि हे दोन शब्द मला लग्नाच्या आठवड्यातच पाठ झाले होते.

दोन दिवसांनी मुलीनं सांगितलं की ठराव तीच मांडणार आहे. केनियातली मैत्रीण अनुमोदन देईल, तसं ठरलंय.

सभा तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत होती, म्हणजे आमची दुपार. सोलापूरची दुपार काय असते ते सोलापूरकराला सांगायला नको. दुकान अर्धं शटर टाकून बंद केलेलं, पोटात भाकरी आणि शेंगाचटणी, अंगात बनियन आणि डोक्यावर पंखा. मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. लाइट गेली तर वायफाय जाईल म्हणून तिनं माझ्या फोनवरूनही त्या सभेला जोडून ठेवलं होतं. लॅपटॉप बंद पडलाच तर ती बाहेर येऊन फोनवरून बोलणार होती. फोन बाहेर टेबलावर ठेवून तिनं मला बजावलं, "अप्पा, याला हात लावू नका."

मी हात लावला नाही. फक्त फोन उचलून पोटावर घेतला. आपल्या मुलीची सभा, बघावीशी वाटते. खिडक्या-खिडक्यांतून पोरं दिसत होती. कुणी सँडविच खात होतं, कुणी जिन्यात बसलं होतं. अध्यक्ष म्हणून एक कुरळ्या केसांचा मुलगा होता, बोलायला फार सभ्य. आमच्या व्यापारी मंडळात तो एक मिनिट टिकला नसता. माझ्या खिडकीवर नाव होतं आमच्या दुकानाचं, कारण फोन दुकानाच्या नावावर आहे. आवाज बारीक येत होता म्हणून मी तो वाढवायला गेलो. दिसली ती चित्रं दाबत गेलो. त्यात एक चित्र माइकचं होतं आणि दुसरं कॅमेऱ्याचं, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं.

मुलगी बोलायला लागली. इंग्रजी सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण आवाज कळत होता. सुरुवातीला कापरा होता, मग स्थिर झाला. तिनं ठराव मांडला. आपण संघटना स्थापन करत आहोत, आणि संस्थांशी बोलायला आपली माणसं निवडत आहोत. अध्यक्षानं विचारलं, अनुमोदन कोण देतंय?

कुणी बोलेना.

केनियातली मैत्रीण स्क्रीनवर दिसत होती. ती खाली बघत होती. तिला सकाळीच मुदतवाढ मिळाली होती, हेही मला नंतर कळलं. अध्यक्षानं परत विचारलं. सगळ्या खिडक्या गप्प. सँडविचवाल्यानं चावणंही थांबवलं. आणि माझ्या मुलीचा चेहरा मी पाहिला. ती इकडंतिकडं बघत होती. इतक्या वर्षांत कितीतरी सूचकांचे असे चेहरे मी पाहिलेत.

माझा हात वर गेला. आणि व्यापारी मंडळाच्या सभेत मागच्या रांगेतून काढतो तसा आवाज निघाला, "अनुमोदन!"

"अप्पा," मुलगी म्हणाली. हे मला दोनदा ऐकू आलं, आधी दारातून आणि मग पोटावरच्या फोनमधून.

अध्यक्षानं फार अदबीनं विचारलं की हे गृहस्थ कुठल्या संस्थेतले, आणि काय म्हणाले. मुलीनं सांगितलं की हे माझे वडील आहेत आणि ते ठरावाला पाठिंबा देतायत. अध्यक्ष म्हणाला, आभारी आहोत, पण अनुमोदक हा इंटर्न असायला पाहिजे किंवा पूर्वी असलेला तरी. मला तेवढं इंग्रजी कळलं. आता फोन ठेवून द्यायची उत्तम संधी होती. मी म्हणालो, "येस. मी ऑल्सो. फादर्स शॉप. नो सॅलरी."

कुणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. मुलगी हसली नाही, पण तिचा आवाज बदलला. ती त्यांना काही तरी समजावून सांगायला लागली. त्यात मला 'उमेद' हा शब्द ऐकू आला, दोन-तीनदा. बिनपगारी शिकणाऱ्याला आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला आमच्या भाषेत एकच शब्द आहे, उमेदवार, दोघंही आशेवर बसलेले, असं ती त्यांना सांगत होती. वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या मेहुण्याची गोष्टही तिनं सांगितली असावी, कारण टॉवेल हा शब्दही आला.

सँडविचवाल्यानं घास गिळला आणि म्हणाला, "सेकंड." म्हणजे अनुमोदन. मग जिन्यात बसलेली मुलगी. मग आणखी हात. शेवटी केनियाच्या मैत्रिणीनंही हात वर केला, पण वर बघितलं नाही. ठराव मंजूर झाला. माझं नाव कुठं नोंदवलं गेलं नाही, जे योग्यच झालं.

मुलगी बाहेर आली, माझ्या हातातून फोन घेतला, कॅमेरा बंद केला आणि परत आत गेली. रागावली होती की काय, ते अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या मॅडमचा कॉल आला. दार बंद होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उगीच भांडी हलवत उभे. ती बाहेर आली आणि पाणी प्यायली. मुदतवाढ नाही, म्हणाली. मॅडम चांगल्या बोलल्या, शिफारस देते म्हणाल्या, पण जागा नाही. संघटनेचा विषय त्यांनी काढला नाही. हिनंही काढला नाही. खरोखरच जागा नव्हती की सूचकाचं नाव वर कळलं होतं, ते कधी कळणार नाही.

"माझ्यामुळं झालं काय गं?" मी विचारलं.

"ठराव मी मांडला अप्पा, तुम्ही नाही," ती म्हणाली. मग तिकडं निवडणूक आहे म्हणाली. संघटनेच्या समितीची. माजी इंटर्ननाही उभं राहता येतं. ती उभी राहतेय.

संध्याकाळी जिन्यात चेअरमन भेटले. ताईंच्या तिकिटाचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मिळालं." त्यांनी मला शेकहँड केला आणि कुठला वॉर्ड विचारलं. मी वर पळालो.

वर येऊन खुर्चीत बसलो. बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, पोरीची चांगली चाललेली जागा माझ्या एका हातानं घालवली असेल तर काय करायचं. ती घड्या घालत राहिली.

"कसली जागा? पगार नव्हता, नाव नव्हतं. जाण्यासारखं काय होतं तितं," ती म्हणाली. "आपलं टॉवेलचं दुकान, आणि सगळ्या जगानं बघितलं काय, तर काखेत फाटलेलं बनियन. ते लई मनाला लागलं बघा माझ्या. आता मतदान कधी हाय ते विचारा तिला, आणि त्या दिवशी फोन माझ्याकडं द्या."