देवळासमोर लावलेलं गाणं

माझी मुलाखत तुम्ही कधी ऐकली असेल, तर माझ्या सुरुवातीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार. कुरुंद्यातलं आमचं हळदीचं गोडाऊन, पोत्यांच्या भिंती रचून केलेला स्टुडिओ, पिकअपवर बांधलेले स्पीकर, आणि तिथून पुण्या-मुंबईच्या रॅपरांसाठी बीट बनवण्यापर्यंत आलेला मी. हे मी हसत सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त मधले तीन दिवस मी गाळतो — दरवेळी, न चुकता. माझ्या बायकोलाही ते माहीत नाहीत. मग तुम्हाला कशाला सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

आधी वैष्णवीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या शेजारच्या गल्लीतली. तिचे वडील विलासकाका गावातल्या मारुतीच्या देवळाचे गुरव. तिचा मोठा भाऊ अमोल माझ्या वर्गातला — पहिलीपासूनचा दोस्त. एके दिवशी तोच तिला गोडाऊनमध्ये घेऊन आला. म्हणाला, "हिचं ऐक जरा. वह्यावर वह्या भरून राहिली."

ती पोत्यांच्या मधे उभी राहिली आणि वही न बघता सुरू झाली. तोवर मी नुसता वरातीतला डीजे होतो. बेस म्हणजे समोरच्याची छाती हलली पाहिजे, एवढीच माझी अक्कल. त्या दुपारी मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बेस खाली आणला. तिचे शब्द ऐकू यावेत म्हणून.

दोन वर्षं आम्ही गाणी केली. अमोलला सगळं ठाऊक होतं. काकांना वाटायचं, ती माझ्या बहिणीसोबत अभ्यास करते. एकदा ती घरून चिडून आली आणि एका दमात एक कडवं रेकॉर्ड करून गेली —

बाप माझा उभा देवळात, पाठ त्याची वाकलेली,
लोकांनी ठेवल्या अर्ध्या नारळावर मी शाळा शिकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आली. "ते काढून टाका दादा. रागात लिहिलं. बाबांच्या कानावर गेलं तर काय वाटंल त्यांना?" मी तिच्यासमोर फाइल डिलीट केली. दुसरी एक कॉपी होती, ती तशीच ठेवली. काहून ठेवली? तिनं केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, म्हणून. असं मी स्वतःला सांगत आलो. खरंही असेल ते. पण मग पुढचं?

आमचं एक गाणं आम्ही नेटवर टाकलं होतं. एका शुक्रवारी पुण्याच्या एका म्युझिक कंपनीतून मला फोन आला. तो माणूस खूप भरभरून बोलत होता — मुलगी कमाल आहे, तिला पाठवा, आम्ही अख्खा अल्बम करतो. मी विचारलं, आणि बीट? तो म्हणाला, "बीट आमची माणसं करतील. तुमचं ते जरा वरातीसारखं वाटतं."

वरातीसारखं. हा शब्द मी आजवर कुणापाशी उच्चारलेला नाही.

वैष्णवीला निरोप दिला, तर तिनं आधी बीटचंच विचारलं. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना, बीट दादाचीच पायजे." मी म्हटलं, नको, तू तुझं बघ. हसलोसुद्धा. ती म्हणाली, "सोमवारी बाबांची पूजा आटपली की त्यांना सगळं सांगते. तुमी या माझ्यासंगं. तुमी असले की धीर येतो." येतो म्हटलं.

रविवारी आमच्याच एका मित्राचं लग्न होतं. वाजवायला अर्थात मी. अमोलनं नाचायच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह मला आणून दिला होता. चारच्या सुमारास परण्या निघाला — घोड्यावर नवरदेव, पुढं नाचणारी पोरं, त्यांच्या पुढं माझी पिकअप. नेहमीप्रमाणे मारुतीच्या देवळासमोर सगळे थांबले. पायरीवर विलासकाका ताट घेऊन उभे होते, नवरदेवाला टिळा लावायला. वैष्णवी बायकांमध्ये होती. माझ्याकडे बघून तिनं हात हलवला.

इथं मला जरा थांबू द्या.

नाही — थांबून तरी काय होणार आहे? ते कडवं मी आदल्या दिवशीच लॅपटॉपवर समोर आणून ठेवलं होतं. खाली नवा बेस बांधला होता, अख्खा दिवस खपून. म्हणजे ऐनवेळी डोकं फिरलं, असंही म्हणायला जागा नाही. मी आवाज पूर्ण उघडला आणि लावलं. आणि तिचा शब्द न् शब्द कळावा म्हणून — हे मला फार चांगलं येत होतं एव्हाना — बेस मोजून खाली ठेवला.

पोरं नाचत राहिली. त्यांना काय, ठेका चांगला होता. बायका मात्र एकेक करून गप्प झाल्या. काकांनी पहिली ओळ ऐकली तेव्हा नुसतं वर बघितलं. लेकीचा आवाज होता तो, ओळखायला किती वेळ लागणार? दुसऱ्या ओळीला ताटातला अर्धा नारळ घरंगळून पायरीवर पडला. कुणीतरी हसलं. काकांनी टिळा लावला, ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेले.

संध्याकाळी वैष्णवी आली. रडत नव्हती. एवढंच विचारलं, "तुमी तर काढून टाकलं होतं ना?"

मी म्हटलं, "मी काढलं होतं. अमोलच्या पेनड्राइव्हमध्ये कसं आलं, मला न्हाई माहीत. मी न बघता लावलं."

अमोलकडे ते कडवं कधी नव्हतंच. पण तिचं गाणं माझ्याशिवाय एकट्या त्याच्याच हातात असायचं, म्हणून तिला ते पटलं. घरी जाऊन तिनं त्याला विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. तिनं ती मानली नाही — कारण मी खोटं बोलणार नाही, याची तिला खात्री होती. अमोलचाही माझ्यावर संशय गेला नाही; पेनड्राइव्ह मधे कुणाच्या तरी हाती गेला असेल, असं तो धरून चालला.

सोमवारी कुणीच काकांशी बोलायला गेलं नाही. पुढच्या आठवड्यात काकांनी पूजेची पाळी चुलतभावाला देऊन टाकली. वैष्णवीनं मला पुण्याला नकार कळवायला सांगितलं. मी कळवला. आणि त्याच फोनवर, आवाज खाली करून, माझ्या नव्या बीटबद्दल बोललो. त्यांनी एक मागवली, मग दुसरी. मुलाखतीतला प्रवास इथून पुन्हा सुरू होतो.

वैष्णवी आता साखऱ्याला असते, सासरी. शिकवण्या घेते. लिहीत नाही. दर दिवाळीला मला मेसेज करते. एकदा लिहिलं होतं, त्या वेळी घरच्यानं घात केला, तुमी तेवढे माझ्या बाजूनं होते. मी खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मागच्या वर्षी काका बसस्टँडवर भेटले. माझ्या कामाची चौकशी केली. मग आपणहून म्हणाले, "खोटं न्हवतं रे तिनं लिहिलेलं. मला आधी घरात म्हणून दाखवायला पायजे होतं. मी सोता तिला पुण्याला घेऊन गेलो असतो." सोमवारी ती तेच करणार होती, हे मला ठाऊक होतं. मी त्यांची पिशवी बसमध्ये चढवून दिली.

आणि या उन्हाळ्यात अमोलचं लग्न झालं. नांदेडला नोकरी करतो तो आता. म्हणाला, तूच वाजव, पैसे घे, पण दुसरा कुणी नको. मी वाजवलं, पैसे घेतले नाहीत — जसं काही त्यानं फरक पडतो. वैष्णवी आली नाही. तिच्या जागी करवली म्हणून मामेबहीण उभी होती.

जेवणाच्या वेळी अमोल मुंडावळ्यांसकट माझ्याकडे आला. माझ्या पायाशी पडलेली वायर उचलून गुंडाळू लागला. मग विचारलं, "तुझ्याशी बोलते ना ती? काही म्हणली का कधी, माझी शपथ काहून मानली न्हाई ते?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुझा विषयच काढत न्हाई."

त्यानं मान हलवली. "बरं. तू सकाळपासून उभा आहेस, जेवून घे." माझा हात धरून त्यानं मला पंगतीत नेऊन बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं.

मी जेवलो.