गुलाबी कोकरू

भुताखेतांच्या गोष्टी सांगून माझं पोट चालतं, त्यामुळे भुतांवर विश्वास ठेवणं मला परवडत नाही. हलवाईच मिठाई खात बसला तर दुकान कसं चालायचं? या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगतो, निम्मे वाचताना मला हसू आलंय... कुठे उगाच ताणलंय, कुठे पैंजण वाजवायची काही गरज नव्हती, हे धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. म्हणूनच हे लिहायला घेतलं आणि दोन-तीनदा पुसून टाकलं. शेवटी बायको म्हणाली, "लिहून टाका एकदाचं, नाहीतर एखाद्या पार्टीत पोरांना सांगून बसाल."

तर मंडळी, मी सोलापूरचा, राहायला शुक्रवार पेठेत. धंदा – लहान मुलांचे वाढदिवस. जोकरचा ड्रेस, लाल नाक, फुग्यांची कुत्री-मांजरं, थोडी हातचलाखी आणि केक कापायच्या आधी एक गोष्ट. बाकी सगळं मी मोबाईलवर बघून शिकलो. गोष्टी मात्र मामाच्या.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, सांगोल्याकडचा. त्याची हयात मेंढरांमागं गेली. शाळेला सुट्टी लागली की मी त्याच्याबरोबर मेंढरांच्या तळावर जायचो. रात्रीच्या राखणीला एकटा माणूस बसला की त्याचा डोळा लागतो, म्हणून दोघं जागायचे. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं 'हूं' म्हणायचं. याला हुंकार म्हणतात. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, आणि ऐकणारा झोपला की लांडगा आलाच म्हणून समजा. त्याचा नियम मोठा कडक – ज्यानं हुंकार धरला त्यानं गोष्ट पुरी होईपर्यंत जागा सोडायची नाही. लघवी लागली तरी दाबून बसायचं. गोष्ट राजाची असो की लांडग्याची, मामा ती एकाच ओळीनं संपवायचा :

"कोकरू आलं घरा, आन तुमी आता निजा जरा."

ही ओळ आली की सुटका. मी पार्टीत ती जरा फिरवून घेतो – "कोकरू आलं घरा, आता केक कापा जरा!" पोरं खूश, पोरांच्या आया खूश.

माझी आई मात्र नाखूश. आमच्यात म्हणतात, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आणि वाढदिवस तर सगळे दिवसाउजेडीच होतात. सुरुवातीला मी जोकर होऊन निघालो की आई दारात उभी. "उजेडी सांगू नगंस रं सिदू. मला येकच भाऊ हाय." मामा समोर असला तर खो खो हसायचा. "आगं, आख्खा मुलूख पायाखाली घातलाय म्या. मी वाट चुकतोय व्हय?" मीही हसायचो.

पुढे मामी गेली, मेंढरं विकली आणि मामा सोलापूरजवळ होटगीला मुलाकडं राहायला आला. बिरू, माझा मामेभाऊ, तिथं रेल्वेत आहे. होटगीला आल्यावर मामाचं विसरणं सुरू झालं. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. एकदा मी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "या पाव्हणं, कुटलं तुमी?" बाहेर येऊन मी स्कुटीवर बसून रडलो... त्यात लपवायचं काय. आणि त्या दिवसापासून आईनं उजेडाचा विषय काढणं बंद केलं. ती बोलायची तेव्हा मला हसू यायचं, आणि ती गप्प झाली तेव्हा मला बोचायला लागलं.

आता मूळ गोष्ट.

उन्हाळ्यातला रविवार. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका छोट्या हॉलमध्ये दुपारची पार्टी होती. यंत्रमाग असलेलं तेलुगू घर, वाढदिवस त्यांच्या मुलीचा. मुलीचं नाव लास्या. हे नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, हॉलवर पोचल्यावर तिच्या आईकडून दोनदा वदवून घेतलं. कारण माझी एक पद्धत आहे – गोष्टीतल्या पोराला मी त्या दिवशीच्या मुलाचं नाव देतो. धनगराचा पोर आणि त्याचं हरवलेलं कोकरू ही मामाची गोष्ट म्हणजे माझा हातखंडा. तिच्यात त्या दिवशी पोराच्या जागी पोरगी आली, लास्या.

कोकराचा रंगही मी मुलांनाच विचारतो. बहुतेक वेळा पांढरा येतो, फार तर काळा. लास्या आपल्या फ्रॉककडे बघून ओरडली, "पिंक!" झालं, सगळी पोरं पिंक पिंक करून नाचायला लागली. धनगराच्या कळपात गुलाबी कोकरू! मामानं ऐकलं असतं तर काठी घेऊन अंगावर आला असता.

पार्टीत हुंकार मिळत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. पोरं पुढच्याच्या टोप्या ओढतात, मोठी माणसं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. पण त्या दिवशी मी "एक होती लास्या" म्हटलं आणि मागून, कूलरच्या बाजूनं, "हूं" आला. जाडसर, नाकातून काढलेला. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड होती. घरातले कुणी आजोबा पलीकडे टेकले असतील, असं मला वाटलं. पुढचं वाक्य झालं, पुन्हा "हूं". बरोब्बर जागेवर. काय सांगू, उपाशी माणसाला भाकरी मिळावी तसं झालं मला. पोरांना विसरून मी त्या हुंकारालाच गोष्ट सांगायला लागलो.

गुलाबी कोकरू हरवलं. लास्या शोधत निघाली, ऊन मी म्हणत होतं. वाटेत बाभळ म्हणाली, "पोरी, जरा बस की माझ्याखाली. माझी सावली विरळ, म्हणून कुणी बसतच नाही." लास्या बाभळीखाली बसली...

"हूं."

...आणि तिला लांबून एक आवाज ऐकू आला. इथपर्यंत आलो आणि खिशातला फोन लागोपाठ तिसऱ्यांदा थरथरला. एरवी मी गोष्टीत फोन घेत नाही. बिरूचं नाव दिसलं म्हणून घेतला.

"दादा, अण्णा तुमच्याकडं आलेत का?" बिरू वडिलांना अण्णा म्हणतो. "जेवून पडले म्हणून आमीबी जरा पडलो. उठून बघतोय तर दार उघडं. गावात कुटंच न्हाईत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चारी बाजूनं रूळ हायत दादा हितं. आन गाड्यांचा टाइम हाय."

लास्याच्या आईला मी काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही. दारापाशी लास्यानं माझी बाही धरली. "अंकल, कोकरू?" "आणतो," म्हणालो. जाता जाता कूलरकडे नजर गेली. खुर्च्यांमागं गिफ्टचे खोके भिंतीपर्यंत रचलेले होते. माणूस टेकेल एवढी जागाच नव्हती. पण तेव्हा त्यावर विचार करायला डोकं ठिकाणावर कुठे होतं?

ड्रेस बदलला नाही. विगवर तसंच हेल्मेट चढवून होटगी गाठलं. बिरू आणि मी विचारत सुटलो. माझ्याकडं बघून लोक आधी हसायचे, मग ऐकायचे. एकजण तर "ओ जोकर, सर्कस कुटं उतरली?" म्हणाला. आमची शोधाशोध त्यालाही दिसत होती, पण माझ्या तोंडावर रंगवलेलं हसू होतं, त्याला तरी काय बोलणार. मनात सारखं एकच चालू होतं – आई सांगत होती, आई सांगत होती.

गावाबाहेर रुळाच्या कडेला शेळ्या राखणारी एक बाई भेटली. मी तोंड उघडायच्या आत तिनं हात केला.

"म्हातारं न्हवं का? त्ये बघा, बाबळीखाली बसलंय. आदी रुळातनंच चाललं हुतं. म्या वराडले, हाका मारल्या, ऐकंचना. मागनं गाडीचा भोंगा यायला लागला. आन मंग आपल्याआपणच थांबलं, खाली उतारलं आन तितं जाऊन बसलं. गाडी धडाधडा निगून गेली. तवाधरनं नुसतं हूं हूं करत हुतं. कुनाशी काय की. आता घटकाभर झालं गप हाय, पर उठवाय गेले तर हातानंच थांब म्हंतंय."

मामा बाभळीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसला होता, तळावर बसायचा तसाच. बिरूनं रडत त्याचा दंड धरला, "अण्णा, चला घरी." मामानं हात झटकून टाकला.

"गोष्ट पुरी हुईस्तवर उठायचं न्हाय. ठाव न्हाय व्हय तुला?"

मी पुढं जाऊन बसलो. म्हटलं, "मामा, कुठली गोष्ट?"

त्यानं माझ्या रंगवलेल्या तोंडाकडं बघितलं. ओळख नव्हतीच, ती गेली होती. पण डोळे बारीक करून म्हणाला, "तूच सांगत हुतास न्हवं? आवाज त्योच हाय. मधीच कुटं गेलास उठून? आर्धी गोष्ट टाकून जातंय व्हय कुनी? त्या लास्याचं काय झालं?"

बिरू माझ्याकडं बघायला लागला. मामा त्रासिक आवाजात पुढं म्हणाला, "आन येक सांग. गुलाबी कोकरू आसतंय व्हय रं कुटं?"

 मला भीती वाटली नाही. माझं नाव विसरलेला मामा मला पूर्वी होता तसा परत सापडला होता, आणि तो कुठून सापडला हे मला कळत नव्हतं.

मी गोष्ट पुरी केली. रुळाच्या कडेला, जोकरच्या ड्रेसमध्ये, बिरू आणि शेळ्यावाल्या बाईसमोर. लांबून आलेला आवाज कोकराचाच होता. लास्या एका जागी बसून हाका मारत राहिली आणि त्या हाकेच्या मागावर कोकरू आपणहून आलं. मामा प्रत्येक वाक्याला हुंकार देत होता. जाडसर, नाकातून. तोच, कूलरमागचा... मी शपथेवर सांगेन. मग मी मामाची ओळ म्हटली, केकवाली नाही, खरी. "कोकरू आलं घरा, आन तुमी आता निजा जरा." मामानं माझ्यापुढं हात केला, "हं, उठीव आता," म्हणाला आणि उठला.

बायकोचं म्हणणं, तुम्हीच घाईगडबडीत मामासमोर लास्याचं, कोकराचं काहीतरी बोलून गेला असाल. असेन. पण बिरू सगळा वेळ माझ्याबरोबर होता, तो नाही म्हणतो. बाई तर आधीपासून तिथं होती. पुढं लास्याच्या वडिलांनी पार्टीचा व्हिडिओ पाठवला. त्यात पोरांचा दंगा आहे, कूलरची घरघर आहे, माझा आवाज आहे. प्रत्येक वाक्यानंतर मी खुर्च्यांकडं बघून थांबतोय, मान हलवून पुढं सांगतोय. हुंकार मात्र एकही नाही. (पुढच्या रविवारी लास्याला गोष्ट पुरी सांगून तिचं कोकरू पोचवलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. "मिळणारच होतं," म्हणाली.)

आईला सगळं सांगितलं. "उजेडी सांगितलंस म्हणूनच वाट चुकला त्यो," ती म्हणाली. मी विचारलं, "मग रुळावरनं उतरून बसला कशामुळं?" ती भाकरी थापत राहिली.

यंदा मामानं अंथरूण धरलं. घरी न्या, म्हणाले डॉक्टर. मी होटगीलाच मुक्काम टाकला, आईही आली. बोलणं बंद झालं होतं, डोळे मिटलेले. मी त्याच्या उशाशी बसून लास्याची गोष्ट सुरू केली आणि ओठ न हलवता मामानं हुंकार दिला. मग मी ती संपवलीच नाही. बाभळीनंतर विहीर आणली, विहिरीनंतर डोंगर, डोंगरापलीकडं बाजार. रोज कोकरू हरवलेलंच ठेवायचं आणि "उद्या सांगतो" म्हणायचं. हुंकार धरलेला माणूस जागा सोडत नाही, एवढं एकच मला माहीत होतं. डॉक्टरांना नवल वाटत होतं. हुंकार रोज बारीक होत चालला, तरी मी गोष्ट लांबवत होतो.

एका दुपारी आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरी कर आता, सिदू. किती बसवून ठिवशील त्येला?"

मी म्हटलं, "उजेड आहे आई अजून. अंधार पडू दे."

"आसू दे उजेड," ती म्हणाली. "आता कुटली वाट चुकायचीय त्येला."

मी गुलाबी कोकरू घरी आणलं. शेवटची ओळ म्हटली. आणि त्यानंतर एक "हूं" आला, जाडसर, पहिल्यासारखा भरदार. आई आणि बिरू शेजारीच होते, दोघंही म्हणतात तसं काही ऐकू आलं नाही. मामा तोपर्यंत गेला होता.

कशाचाच उलगडा मला झालेला नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त योगायोग म्हणू नका... गुलाबी कोकराचा योगायोग मला पटणार नाही. पुढच्या रविवारी पार्टी आहे, दुपारचीच. आई आता काही म्हणत नाही. वाट चुकायला मामाच राहिलेला नाही.