आवक नोंदवहीतला राग

कागद हातात आला की बाई आधी तळाशी बघायच्या. विषय नाही, मजकूर नाही. थेट शेवटची ओळ. सही नसली की कागद अलगद परत सरकवायच्या आणि विचारायच्या, "कुणाचा हा? माणूस कुठाय?"

आमचं कार्यालय अलिबागचं. कुठलं ते सांगत नाही. सगळी सारखीच असतात, तुम्हीही पाहिली असतील. दारातून शिरलं की पहिलं टेबल आवक-जावकचं. आलेल्या-गेलेल्या टपालाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, वहीत नोंदवायचं. त्या टेबलावर बाई सोळा वर्षं होत्या. त्यांच्यामागून नोकरीला लागलेला मी अकाउंटला गेलो, आस्थापनेला गेलो, फिरून त्यांच्या शेजारी येऊन बसलो. बाई दारातच.

एका मीटिंगमध्ये त्यांनी साहेबांना सरळ विचारलं, "सगळ्यांची टेबलं फिरतात, माझंच का फिरत नाही?"

मागून कुणी तरी पुटपुटलं, "नोकरी कोट्यातून मिळाली, आता टेबलही हवं."

बाई गर्रकन वळल्या. एरवी त्यांचं बोलणं छापील. राग आला की गावची बोली उसळायची. "कोन बोल्ला? उभा ऱ्हा. नाव सांग आन् बोल."

कुणी उभं राहिलं नाही. पुटपुटणारे आमचे हेडक्लार्क माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. मी फाईलची नाडी सोडत-बांधत बसलो.

त्या वर्षी बाईंच्या गोपनीय अहवालात शेरा आला, 'स्वभाव रागीट'. हेडक्लार्क दिवसातून दोनदा फाईल आपटून ओरडतात. त्यांच्या अहवालात 'शिस्तप्रिय' आहे, असं ते स्वतःच कौतुकानं सांगतात. बढतीची यादी तोंडावर आली होती आणि हा शेरा बाईंच्या वाटेत आडवा पडला होता.

बाई रागीट होत्या का? होत्या. पण गरिबावर कधी ओरडल्या नाहीत. लिहिता न येणारी एखादी म्हातारी मासळीवाली आली, तर तिचा अर्ज स्वतः लिहायच्या, अंगठ्याला शाई लावायच्या आणि तिचं नाव तिच्याकडून मोठ्यानं वदवून घ्यायच्या. "जोरात सांग आये, तुझाच कागद हाय." म्हातारी लाजत नाव सांगायची आणि जाताना जरा ताठ चालायची. मला बाईंचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करतो.

मग मुंबईहून रोरो बोटीनं एक संशोधक मुलगी आली. 'कामाच्या ठिकाणच्या भावना आणि विविधता' असा तिचा अभ्यास. मोकळेपणानं लिहिता यावं म्हणून फॉर्मवर नाव घालायचं नव्हतं. 'गेल्या महिन्यात कामावर राग किती वेळा आला?' मी 'कधीच नाही'वर खूण केली आणि चहाला गेलो.

परत आलो तर बाई फॉर्म उलटसुलट करून बघत होत्या.

"यात जात विचारलीय. नाव कुठं लिहू?"

"नाव नकोय, ताई," मुलगी म्हणाली. "तुम्हाला त्रास व्हायला नको."

"तरास आताबी हाय. जात पायजे आन् नाव नको, उलटंच हाय की तुमचं! निनावी अर्जाचं हितं काय करतात, ठावं हाय? दप्तरी दाखल. म्हंजे कपाटात धूळ खायाला. माझा राग कपाटात न्हाय जायचा."

जातीच्या चौकटीत त्यांनी 'बौद्ध' लिहिलं. रागाच्या कारणाला दोन ओळी होत्या, बाईंनी मागची कोरी बाजूही भरली. टेबल, पुटपुटणं, शेरा, सगळं आलं. तळाशी पूर्ण नाव, हुद्दा, सही, तारीख. मुलीचा चेहरा उतरला. नाव असलेला फॉर्म बाद होतो, म्हणाली; दुसरा कोरा पुढे केला. बाईंनी तो परत सरकवला.

"बाद, तर बाद. मंग साह्यबांकडं जाऊ दे."

तिथल्या तिथं त्यांनी अर्ज लिहिला, 'सोबत जोडलेल्या रागाचे लेखी उत्तर मिळावे.' फॉर्म जोडला, शिक्का मारला, वहीत नोंदवला.

साहेबांनी बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं.

"बाई, पुढच्या महिन्यात यादी आहे. अर्ज मागे घ्या, शेऱ्याचं मी बघतो."

घ्या हो मागे, मी मनात म्हणत होतो.

"आवक झालेला कागद परत देता येत न्हाय, साह्यब. नंबर पडलाय."

यादीत बाईंचं नाव नव्हतं. बदलीचा हुकूम मात्र वेळेवर आला, खाली हरिहरेश्वरच्या बाजूला. तोही बाईंनी आधी तळाशी पाहिला, सही आहे याची खात्री केली आणि रीतसर नोंदवला. "लोकं हरिहरेश्वरला पापं धुवाया जातात," डबा पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "माझ्याकडं धुवाया काय न्हाय, भाऊ. मी आपली कारकुनी करीन." माझ्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. मला मान वर करवली नाही.

आता ते टेबल माझ्याकडे आहे. दर महिन्याला टपालात एक पाकीट येतं. स्मरणपत्र. त्यात तो जुना आवक नंबर आणि एकच ओळ, 'माझ्या रागाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.' खाली ठसठशीत सही. मी ते नोंदवतो, साहेबांकडे पाठवतो, ते कपाटात जातं. पुढच्या महिन्यात दुसरं येतं.

काल अकरावं आलं. त्याच्यामागे मी माझा एक अर्ज लावला. त्या मीटिंगमध्ये कोण पुटपुटलं ते मी शेजारून ऐकलं होतं, एवढंच त्यात लिहिलंय, नावासकट. दोन्हींवर शिक्के मारले. दुसरा जरा जोरात बसला.

हेडक्लार्क टेबलापाशी येऊन हसले. "अहो, टेबल फोडाल. राग आलाय की काय?"

"व्हय," मी म्हटलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आधी तळाशी बघा."