खाली तास

जामसावळीच्या आमच्या भजनमंडळाने स्मरणिकेसाठी माझा अनुभव मागितला आहे. सौंसरात तो बहुतेकांना ठाऊक आहे. मारुतीने ज्या मुलाला बीजगणित शिकवले, तो मुलगा मी. सप्ताहात, पंगतीत, कुणाच्या दुखण्याला गेलो तरी मी ही हकीकत सांगत आलो. पण लिहायला बसलो आणि हात चालेना. दोन ओळी लिहायच्या, उठायचे, अंगणात फेऱ्या मारायच्या, असे कितीदा झाले. शेवटी ठरवले की या वेळी घडले तसेच लिहायचे.

नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, तो हिवाळा. माझे वडील तहसिलीत कारकून. त्यांची बदली पांढुर्ण्याहून सौंसरला झाली आणि भर वर्षात माझी शाळा बदलली. पांढुर्ण्याची शाळा सकाळची, सौंसरची अकराची. पहाटे उठायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे दप्तर घेऊन मी ओसरीवर येरझारा घाली आणि सकाळ काही सरत नसे. आई म्हणे, "तुह्या पायाले भिंगरी लागली का रे?" वर्गात तर त्याहून वाईट. पांढुर्ण्याला भूमिती आधी आणि बीजगणित मागून, इथे नेमके उलटे. मला येत होते ते इथे नुकते सुरू झाले होते आणि जे मी शिकलोच नव्हतो ते संपून गेले होते. हेडमास्तरांनी वडिलांना स्पष्ट सांगितले की संक्रांतीनंतरच्या परीक्षेत बीजगणित सुटले तर ठीक, नाही तर मुलाला एक वर्ग मागे बसवावे लागेल. वडिलांनी मला सांगितले की तसे झाले तर शाळा बंद, रामाकोन्याला मामाच्या बागेत संत्री तोडायला जायचे. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला. मला मात्र शंका होती. तो मारुती तर आडवा निजलेला. माझ्यासाठी तो कशाला उठेल?

शाळेत त्या वर्षी वेळापत्रक पहिल्यांदाच हिंदीत लावले होते. दुपारच्या एका तासापुढे लिहिले होते, 'खाली'. बाजारात मी हिंदी बोलत असे, पण डोळे मराठीच वाचत. अशा रिकाम्या तासाला आम्ही पांढुर्ण्याला मोकळा तास म्हणत असू. मला वाटले, हा तास खाली भरतो. शाळा उंचवट्यावर होती. मागच्या पायऱ्या उतरले की मोडक्या बाकांची एक खोली होती. मी तिथे जाऊन बसलो. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारायची लाज वाटे, कारण पोरे आधीच मला "पांढुर्ण्याचा पाहुणा" म्हणून चिडवत. बीजगणिताचे पुस्तक उघडून मी नुसता बसे. एकदा रडू आवरेना, तेव्हा मनात म्हणालो, मारुतीराया, कोणाला तरी धाड.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. हिंदी शिकवणारे पंडितजी डबा घेऊन आले. ते शिवनीकडचे, हिंदी मुलखातले. त्या दिवसांत हिंदीवरचा सगळ्यांचा राग त्या एका माणसावर निघत असे. त्यांच्याजवळ कोणी बसत नसे, म्हणून त्या दिवशी ते एकटेच जेवायला या खोलीत उतरले होते.

"यहाँ क्या कर रहे हो, भैया?"

"इथं तास हाये न गुरुजी. बोर्डावर लिहिलं हाये, खाली."

ते इतके हसले की हातातली पोळी डब्यात ठेवावी लागली. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले.

"खाली है," ते म्हणाले, "तो भर लेते हैं."

परीक्षेपर्यंत तो तास त्यांनी भरला. गणित त्यांचा विषय नव्हता. उदाहरण अडले की म्हणत, थांब, मीही शिकतो आहे. आम्ही दोघे मिळून चुकत होतो आणि दोघे मिळून सोडवत होतो. मी पास झालो.

वडिलांनी विचारले, "कोनापाशी शिकून राहिला होता तू?" पंडितजींच्या नादी लागायचे नाही, असे त्यांनी मला बजावलेले होते. माझ्या तोंडून निघून गेले, "जामसावळीचे एक बुवा होते. नाव नाही मालूम." वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. त्यानंतर ते शब्द परत घेणे मला जमले नाही.

नवस फेडून वडील शाळेत पेढे घेऊन आले. पंडितजींपुढेही त्यांनी पेढा धरला आणि म्हणाले, "घ्या. आमच्या पोराले मारुतीनं शिकवलं." पंडितजींनी दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले असते तर तेवढ्यात सगळे सरळ झाले असते.

"जिसने पढ़ाया, उसकी जय," ते म्हणाले.

वडीलही म्हणाले, "जय." मी खाली पाहत राहिलो.

होळीच्या सुमारास पंडितजींची बदली झाली, तीही भर वर्षात. छिंदवाड्याच्या बसपाशी मी गेलो, पण संत्र्यांच्या टोपल्यांआड उभा राहिलो. पुढे वडील गेले. मग भीती उरली नव्हती. पण तोवर ती हकीकत मला आवडू लागली होती. देवाने निवडलेला मुलगा म्हणून लोक मला मान देत, आणि तो मान सुटत नव्हता.

मारुती आला नव्हता, असे मी आजही म्हणत नाही. एक शब्द मी चुकीचा वाचला आणि पायऱ्या उतरलो, ते कोणी घडवले, मला सांगता येत नाही. एवढे मात्र सांगतो की जो आला त्याला मी नाव मिळू दिले नाही.

गेल्या शनिवारी जामसावळीला गेलो. पुजाऱ्याला म्हटले, एका माणसाच्या नावाने नारळ चढवायचा आहे. त्याने विचारले, "नाव सांगा, काका."

शाळेत सगळे त्यांना पंडितजीच म्हणत. मी कधी नाव विचारलेच नव्हते. वडिलांना सांगितलेल्या, साठ वर्षांहून जुन्या त्या खोट्यात नाव ठाऊक नसल्याचे तेवढे खरे होते.

"नाव नाही मालूम," मी म्हणालो. "नावाची जागा खाली ठेवा."

गर्दीत त्याला अर्धेच ऐकू गेले. त्याने माझ्या हातातला नारळ घेतला आणि निजलेल्या मारुतीच्या पायाशी खाली ठेवला. मी त्याची चूक काढली नाही. हात रिकामे झाले होते. ते जोडले, आणि बऱ्याच वर्षांनी माझे पाय एका जागी स्थिर उभे राहिले.