मागच्या ब्रेकचा आवाज आणि माझं गप्प बसणं

आमच्या गाडीचे मागचे ब्रेक महिनाभर ओरडत होते आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. आता लिहायलाच बसलेय तर हे आधी लिहून टाकते.

गाडी विजेवरची. पुण्याच्या लेकानं स्वतःला नवी घेतली आणि ही जुनी आम्हाला काष्टीला आणून दिली. आमचे मालक पस्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. स्वतःची गाडी आयुष्यात पहिल्यांदा आली, ती सत्तरी उलटल्यावर. मग काय विचारता! रोज सकाळी बोअरच्या पाण्यानं धुवायची, दारात लावायची आणि हँडब्रेक कचकन ओढायचा. वर चाकाला दगड. मी म्हणायचे, "अहो, पळून चाललीय का ती?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" की लगेच काच पुसायला सुरुवात.

रिटायर झाल्यापासून अंथरुणात पडून असायचा माणूस, तो पाचला उठायला लागला होता. लेक मात्र गाडी देतानाच बोलून गेला होता, "डोळे-कान चांगले आहेत तोवर चालवा आबा. नंतर मी घेऊन जाणार."

आणि महिन्यापूर्वी तो आवाज सुरू झाला. दौंड रस्त्याला पळताना काही नाही. पण आमच्या गेटाशी, शाळेपुढच्या गतिरोधकाशी, गाडी अगदी थांबता थांबता मागून किर्रर्र करायची. डिझेलची गाडी असती तर तिच्या घरघरीत दबून गेला असता. ही तर मुकी. त्यामुळे रस्त्यावरची माणसं मान वळवून बघायची. आमच्या ह्यांना तेवढा पत्ता नाही.

आधी वाटलं, ऐकून सोडून देत असतील. पण हाच माणूस एकेकाळी घरात जेवता जेवता रस्त्यावरच्या एसटीचा आवाज ऐकून सांगायचा, "हिचा मागचा पाटा गेलाय." मग एकेक ध्यानात यायला लागलं. टीव्ही मोठा. कुकरच्या शिट्ट्या विचारल्या तर "झाल्या असतील." आवाज येतोय म्हणावं, तर ते विचारणार, मला कसा आला नाही? पुढचं मला बोलायचं नव्हतं. म्हणून गप्प.

आठवड्याच्या बाजारात ते फुटलंच. गर्दीत गाडी थांबली, किर्रर्र झालं आणि भाजीवाली ओरडली, "आवं डायवर, गाडी रडतीया का तुमची? काय खायला घालता का न्हाई तिला?" सगळे हसले. हसले म्हणून हेही हसले. पुढं गेल्यावर मला म्हणाले, "काय म्हनली ती?"

"काही नाही. बाजूला घ्या म्हणाली."

लगेच जिभेवर आलं बघा. खोटं बोलायची मला सवय झाली होती.

पण भीतीही वाटली. ब्रेकच आहे तो, उद्या काही झालं तर? म्हटलं, चला, चाकांत हवा भरून घेऊ. आणि त्यांना गॅरेजवर नेलं. तिथला मिस्त्री ओळखीचा, ह्यांच्याच जुन्या कंडक्टरचा पोरगा, आता त्याचेच केस पांढरे झालेत. गाडी आत येऊन थांबताना त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"काका, कधीपास्नं वाजतंय हे?"

"काय वाजतंय?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. ह्यांनीही बघितलं. "महिना झाला," मी म्हणाले.

हे किल्ली तशीच ठेवून खाली उतरले. मग मिस्त्रीनं स्वतः गाडी हळूहळू पुढं-मागं घेतली आणि मला बाजूनं चालायला लावलं. "काकू, कोन्चं चाक जास्त बोलतंय?" दोन्ही बोलत होती, डावं जास्त. जॅक लावून ते चाक काढलं. आतला लोखंडी ड्रम निघता निघेना, हातोडीनं टकटक ठोकून काढला, तर मूठभर तांबडा भुगा खाली पडला.

"गंज हाय काका. एसटीवानी नसतं हिचं. एक्सलेटरवरनं पाय काढला की मोटारच गाडी आवरती. मागच्या ब्रेकला काम शेवटी, थांबताना, ते बी जरासंच. घासत न्हाईत म्हनून गंजत्यात. त्यात तुमी रोज धुता आन् वल्यातच हँडब्रेक वढता. आतल्या पट्ट्या वल्या ड्रमला चिकटून बसत्यात."

"धुवायची न्हाई व्हय मग?"

"धुवा की. पर धुतल्यावर एक चक्कर मारा, चार ब्रेक दाबून सुकवा, मग लावा."

पॉलिश पेपरनं त्यानं पट्ट्या घासल्या, ड्रम घासला, भुगा झाडून पुसून काढला, जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं बोटभर ग्रीस लावलं. दुसऱ्या चाकाचंही तेच. हे शेजारी उभे. एरवी मिस्त्रीच्या हातातून पाना काढून घेणारा माणूस, त्या दिवशी हात मागं बांधून होता.

परत येताना शाळेपुढं त्यांनी काच खाली केली आणि ब्रेक दाबला.

"आता?"

"नाही वाजत."

पुन्हा दाबला. "आता?"

"खरंच नाही हो."

गाडी कडेला घेऊन थांबले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "म्हैनाभर वाजत हुतं तवा तू गप बसलीस. आता न्हाई म्हंतीस. मी काय धरून चालायचं?"

 तुमचं मन जपायला गप्प बसले म्हणावं, तर ज्या गाडीत त्यांचा जीव होता तिचाच ब्रेक मी महिनाभर वाजू दिला होता. पदराशी चाळा करत बसले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच लेकाला फोन लावला. "घिऊन जा रे गाडी." कारण सांगितलं नाही, आणि लेकानंही फार विचारलं नाही.

रविवारी तो आला. गाडी गेटाबाहेर निघाली, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून तिथंच थांबली. मी कान देऊन ऐकलं. अगदी गुमान थांबली, एवढासाही आवाज नाही. हे माझ्या शेजारीच उभे होते. वाटलं, आता तरी विचारतील, वाजली का म्हणून.

त्यांनी विचारलं नाही.