दादाला ऐकू यावं म्हणून

आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड काढून जुन्या टॉवेलवर ठेवलं.

दादा परदेशात असतो. तो तिथूनच विधी करणार होता आणि मंत्र सांगणार होते बाबा. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते दशाश्वमेध घाटावर करतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांचे हल्ली माझ्या कॉम्प्युटरवरून. स्वतःच्या बायकोचं श्राद्ध दुसऱ्या कुणाला सांगू दे, असं आमच्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या सगळ्याच घरांनी सुचवून पाहिलं. बाबा नाही म्हणाले.

अडचण आवाजाची होती. याच कार्डावर मी घरबसल्या इमारतींची चित्रं करते. ते जुनं झालंय, आणि नुसता व्हिडिओ कॉल असला तरी तापून त्याचे पंखे घोंघावू लागतात. मागच्या मासिक श्राद्धाला दादा म्हणाला होता, "बाबा, मागे चक्की चालू आहे का? अर्धं कळत नाहीये."

"तू म्हण माझ्यामागून."

"ऐकू आलं तर म्हणीन ना!"

आईच्या नावापाशी तो मागे पडला आणि बाबा पुढे निघून गेले. ते नाव तसंच राहिलं.  उद्या पुन्हा तसं व्हायला नको होतं.

चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये पेस्ट असते. ती वाळली की उष्णता वर जात नाही, मग पंखे जोर करतात. नवी ट्यूब आणायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "गेम खेलती हो?" मी म्हटलं, "भैया का है।" एवढ्यावर सुटका झाली.

स्क्रू काढले तरी ठोकळा हलेना. ओढायचा नाही, हे वाचलं होतं. कार्ड परत लावून थोडं तापवलं, मग ठोकळा डावी-उजवीकडे हळूच फिरवला. सुटला. आतली पेस्ट सुकलेल्या गंधासारखी झाली होती, नखानेही निघाली असती. बाबांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून चिप पुसली. ती आरशासारखी झाली. त्यात माझा चेहरा दिसला. मी नवी पेस्ट लावली.

ठोकळ्याच्या पात्यांमध्ये धूळ होती. करडी, फार मऊ. मणिकर्णिकेच्या स्मशानाकडून वारा आला की आम्ही गच्चीवरचे कपडे आत घेतो. कॉम्प्युटर खिडकीपाशीच असतो. ब्रशने ती सगळी कागदावर काढली आणि डबा शोधायला उठले.

"कचऱ्यात नको," दारातून बाबा म्हणाले.

त्यांनी कागदाची पुडी केली आणि संध्याकाळी घाटावर जाताना पिशवीत टाकून नेली.  

स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. सुरू केल्यावर स्क्रीन काळाच राहिला, वाटलं, कार्ड मेलं. मग स्क्रीन उजळला. कार्ड इतकं गार होतं की पंखे फिरतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर दादा पाटावर बसला होता, शर्ट काढून, मागे कसलं तरी पांढरं कपाट. मी बाबांच्या बाजूला माइक धरून. नावं घेताना आजी आणि पणजी नंतर येतात, आधी आई. बाबा गोत्र म्हणाले. दादानेही म्हटलं, स्पष्ट.

मग बाबा थांबले. खोलीत काही वाजत नव्हतं.

"हॅलो? बाबा? नेट गेलं का?"

बाबा पळीकडे बघत होते. त्यांचा श्वास माइकमध्ये येत होता, तो दादालाही जात असणार.

"नाही गेलं," मी म्हटलं. "थांब."

दादा थांबला.

घरात बाबा आईला 'अगं' म्हणत, किंवा काहीच नाही. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मासिकांना त्यांनी घेतलं असणारच. पंख्यांच्या आवाजात गेलं असेल.

त्यांनी ते घेतलं. हळू, सगळी अक्षरं.

"आलं ऐकू?" मी विचारलं.

"आलं," दादा म्हणाला. आणि त्यांच्यामागून म्हणाला.

मी स्क्रीनच्या कोपऱ्यातला कार्डाच्या तापमानाचा आकडा बघत होते. तो वाढला नव्हता.