डावी नळी

माझ्या परवान्यावरची बंदूक खरेदीची मुदत संपत आली होती आणि माझ्याकडे बंदूक नव्हती. पत्रकाच्या पहिल्याच वाक्यात मागणी यायला हवी, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून अडचण आधी सांगून टाकते.

परवाना खेळासाठीचा. जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या यंत्रातून बशीएवढी चकती हवेत सुटते, डावीकडे जाईल की उजवीकडे ते आधी कळत नाही, आणि ती खाली पडायच्या आत छर्‍यांनी फोडायची, असा हा ट्रॅप नावाचा खेळ. एका चकतीला दोन बार मिळतात. म्हणून दुनळी बंदूक लागते आणि दोन्ही नळ्या वाजाव्या लागतात. खेळ श्रीमंतांचा आहे, आणि तो तसाच राहावा अशी व्यवस्था केलेली आहे.

मी कार्ल्याची, भातशेतीवाल्या घरातली. हा नाद लागला कॉलेजात, एनसीसीच्या शिबिरात. पुढे लोणावळ्यातल्या एका निवृत्त फौजी सरांनी मला पुण्याच्या रेंजवर नेलं आणि क्लबची बंदूक हातात दिली. ती सहा फुटी माणसाच्या मापाची होती. माझी उंची त्याहून बरीच कमी. दस्ता खांद्यावर नीट बसायचा नाही, मग गालावर आपटायचा. सरावानंतर दोन दिवस गाल निळा. गावात विचारपूस व्हायची, घरात कुणी मारतं का म्हणून. बंदुका पुरुषांच्या हातांच्या मापानं बनतात आणि वर बायकांचे गुण कमी येतात म्हणून स्पर्धेत माना हलवल्या जातात. हे मी सरांना एकदा तावातावानं सांगितलं. ते म्हणाले, "पत्रक काढ."

पत्रकं मी काढतेच. टेकड्या कापून बंगल्यांचे प्लॉट पाडतात, त्याविरुद्ध आमचा गट गेली काही वर्षं लढतो आहे. जुन्या महामार्गावर आम्ही एकदा रास्ता रोको केला होता, त्याची नोंद माझ्या नावावर आहे. टेकडी कापणाऱ्याच्या नावावर कसलीच नोंद नाही. परवान्याच्या पोलीस पडताळणीत ती नोंद निघाली आणि तिथल्या साहेबांनी विचारलं, "पत्रकंही वाटता आणि बंदूकही मागता?"

"दोन्ही कायद्यात बसतं," मी म्हणाले.

बसत होतं, म्हणून खूप लांबवून का होईना, परवाना आला. पण ठरलेल्या मुदतीत बंदूक घेतली नाही तर तो रद्द. पुन्हा अर्ज केला तर पुन्हा मिळणार नाही, हे कुणी लिहून दिलं नव्हतं, पण टेबलापलीकडच्या प्रत्येक चेहर्‍यावर वाचता येत होतं. राज्य स्पर्धा हिवाळ्यात होती. तिथं पात्रतेचे गुण मिळाले तरच पुढची दारं उघडणार होती. थोडक्यात, एकदाच खरेदी करायची होती आणि ती चुकायला नको होती.

गटातल्या भाऊंना हे अजिबात पसंत नव्हतं. आमच्यातले ते सर्वांत जुने कार्यकर्ते. लोणावळ्यातल्या आमच्या खोलीत ते म्हणाले, "उद्या बिल्डरचा माणूस तुझा फोटो छापेल, बंदूकवाली म्हणून. मग काय करशील?"

"छापू दे. नेम धरलेला छापा म्हणावं, तोंड नीट दिसतं त्यात."

"चेष्टा नको करू गं. आपलं काम शांततेचं आहे."

"भाऊ, तुम्ही रविवारी बॅडमिंटन खेळता. मोर्चात कधी रॅकेट आणलीत का?"

भाऊ हसले नाहीत. पण पुढे तो विषय त्यांनी काढला नाही.

पुण्यातल्या दुकानात मी एकटी गेले. दुकानदार शेठ काउंटरमागून म्हणाले, "बोला ताई. भावासाठी की वडिलांसाठी?"

"माझ्यासाठी. ट्रॅपसाठी. स्वस्त आणि भरवशाची."

त्यांनी आधी एक परदेशी जुनी दुनळी दाखवली. वरखाली नळ्यांची, खरोखर देखणी. किंमत ऐकून मी ती खाली ठेवली. परदेशी बंदूक बाहेरून आणायची मुभा मोठ्या नेमबाजांनाच आहे, त्यामुळे देशात ज्या चार जुन्या फिरतात त्यांचे भाव जमिनीच्या भावासारखे चढतात. माल वाईट असला तरी. मग शेठनी एक नवी, काळी, प्लास्टिक दस्त्याची बंदूक पुढे केली. पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची.

"ही घ्या. बँकेचे वॉचमन हीच घेतात. कधी अडकत नाही."

"ही स्पर्धेत चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"नियम म्हणतात. ओढून भरायची बंदूक ट्रॅपमध्ये बाद आहे."

शेठनी बंदूक हातात उलटसुलट केली. "असं होय," म्हणाले, आणि ती परत ठेवली. मी नियम वाचून आले नसते तर ती माझ्या परवान्यावर चढली असती आणि मी आयुष्यभर कुठल्या तरी बँकेच्या दारात उभी राहायला लायक ठरले असते. नवख्या माणसाला असा माल गळ्यात मारणं हा या धंद्यात गुन्हा धरत नाहीत. धरायला हवा.

सरांचा सल्ला सोपा होता. "नक्षी बघू नको. खांद्याला लाव, डोळे मिटून. उघडल्यावर नजर नळीच्या टोकावर सरळ असली तर ती तुझी. आणि दोन्ही नळ्या वाजल्या पाहिजेत. बाकी सगळ्या गप्पा."

शेवटी माझ्या खांद्याला बसली ती बंदूक टाकवे बुद्रुक गावची निघाली. आम्ही तिथं पत्रकं वाटत होतो. टेकड्या कापल्यावर रानडुकरं भातात उतरतात, असं त्यात लिहिलं होतं. एका दारात तळेगावच्या कंपनीत कामाला असलेला एक दादा पत्रक वाचून म्हणाला, "डुकरांसाठीच वडलांनी बंदूक घेतली होती. वडील गेले. आता ती पुण्यात दुकानात जमा करून ठेवलीय. मला परवाना करायचा नाही, मी तिकडं तळेगावला फ्लॅटमध्ये राहतो. इकायचीय. आई तयार होत न्हाई."

"कोणती आहे?"

"दुनळी. देशीच. वडील बुटके होते, त्यांनी सुताराकडून दस्ता कापून घेतलेला. म्हणून कुणी घेत न्हाई."

मी उरलेली पत्रकं दुसर्‍याच्या हातात दिली आणि त्याचा नंबर घेतला.

बंदूक पडून न राहता वाजणार, हे कळल्यावर त्याची आई, म्हणजे मावशी, तयार झाली आणि वारस म्हणून सही करायला पुण्याला आली, त्याच शेठच्या दुकानात. शेठनी बंदूक काउंटरवर ठेवली तशी मावशीनं ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, "बग की कशी सुकलीया. यंदा खंडेनवमीला कुणी हातबी लावला न्हाई हिला."

तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि त्यातून कुंकवाची डबी काढली. शेठ पुढे झाले. "अहो आजी, नको, माल खराब होईल."

"माल आसंल तुमचा. आमी हिला वरसाला पुजतो. तुमच्या दुकानात उदबत्ती तरी लावता का?"

"आई, बस की जरा," दादा म्हणाला.

मी डोळे मिटून दस्ता खांद्याला लावला. गाल बरोबर बसला. डोळे उघडले तर नळीचं टोक नजरेसमोर, सरळ. इतक्या वर्षांत कुठलीही बंदूक माझ्या अंगाला अशी लागली नव्हती. एका बुटक्या शेतकऱ्यानं स्वतःसाठी कापून घेतलेला दस्ता, आणि बाजारात त्याच कारणानं ती बंदूक बिनकिमतीची. नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. आतून आरशासारख्या.

शेठनी चापांची परीक्षा घेतली. उजवा चाप ओढला, खट्ट. डावा ओढला, कसलासा दबका, मऊ आवाज.

"डावी मेली," शेठ म्हणाले. "स्प्रिंग गेली असेल, नाहीतर आत गंज. काही सांगता येत नाही."

"उघडून बघा."

"उघडायची तर आधी घ्यायची. उघडून कुणी नाही म्हटलं की बिघाड माझ्या माथी."

परवान्याची मुदत त्या आठवड्यात संपत होती. चुकीची बंदूक घेतली तरी खरेदी झालीच असती. फक्त स्पर्धेत उभं राहायला माझ्याकडे एकच नळी उरली असती. मी मावशीला विचारलं, "मावशी, हिच्यातनं बार किती काढले हो काकांनी?"

"कुटले बार? एकदा डुकरं आली तवा वर आभाळात उडवला. मंग म्हनले, कान दुखत्यात."

"आणि पूजेला आत काही घालायचात का?"

"खोबरेल. म्याच घालायची. वरनं न्हाई, हितं भोकात, आन् ही उघडती तितं. पोटभर. तेलाबिगर लोखंड टिकतं व्हय?"

मला जे हवं होतं ते मिळालं. गंज नसणार. ज्या बंदुकीला वर्षानुवर्षं खोबरेल पाजलं, तिला गंज कुठून धरणार? तेल सुकून चिकटलं असणार. असणार, एवढंच, खात्री नव्हती. मी म्हणाले, "घेतली."

"बघा बुवा," शेठ म्हणाले. मावशीनं सही केली, दस्त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मुलाला म्हणाली, "चल, यष्टी चुकंल."

दुकानातल्या कारागिरानं बंदूक उघडली आणि नाक दाबलं. आत खवट वास सुटला होता. सुकलेल्या तेलाचा पिवळा चिकट थर सगळीकडे, आणि डाव्या नळीत काडतुसावर आपटणाऱ्या पिनेच्या नेमका वाटेत, लाल झालेला तांदळाचा एक दाणा. अक्षता. कुणीतरी भक्तिभावानं उघड्या बंदुकीवर टाकलेली. कारागिरानं चिमट्यानं दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. सगळं रॉकेलनं धुतल्यावर डावा चापही खट्ट वाजला.

"पण ही स्प्रिंग ढिली वाटते," तो म्हणाला. "हिच्या मापाची दुसरी मागवावी लागेल."

नवी स्प्रिंग स्पर्धेपर्यंत आली नाही.

सरावात बंदूक चालली. गाल निळा होणं थांबलं. रेंजवरच्या मुलांनी तिला "आजी" नाव दिलं, कारण आजूबाजूला सगळ्यांच्या नळ्या वरखाली आणि हिच्या शेजारीशेजारी. एकानं विचारलं, "हिला चालवायला काठी लागते का?" मी म्हणाले, "लागते. तुझ्या पाठीत घालायला."

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत माझे गुण पात्रतेच्या काठावर होते. काठावर म्हणजे, आता एखादीच सुटली तर चालली असती, दुसरी नाही. आणि एक सुटलीच, माझ्याच चुकीनं. मग पुढच्या चकतीला पहिला बार चुकला, डावा चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. नुसतं टिक्.

अशा वेळी काय करायचं ते सरांनी घोकून घेतलं होतं. बंदूक उघडायची नाही. कशाला हात लावायचा नाही. नळ्या समोर ठेवून हात वर करायचा आणि पंचाची वाट पाहायची. घाबरून उघडली की बिघाड तुमचा आणि चकती गेली. मी हात वर केला. पंच आले, बंदूक घेतली, उघडली, डावं काडतूस काढून त्याच्या बुडाकडे पाहिलं. पिनेचा ठसा होता, पण उथळ. बिघाड मान्य झाला. चकती पुन्हा मिळणार होती.

पण त्याचा नियम असा: बिघाड दुसर्‍या बाराला झाला, तर परत मिळालेल्या चकतीवर पहिला बार मुद्दाम चुकवायचा आणि ती फोडायची फक्त दुसर्‍या बारानं. पहिल्यानंच फुटली तर गेली. नियम बरोबर आहे. नाहीतर लोक बिघाडाची नाटकं करतील. पण याचा अर्थ, जी नळी आत्ताच वाजली नव्हती, तिच्यावरच सगळं टाकायचं. मागे सर उभे होते. मी वळून पाहिलं नाही, बोलायची परवानगीही नव्हती. नवीन काडतुसं घातली आणि बंदूक खांद्याला लावली.

चकती सोडायची हाक दिली. चकती उजवीकडे गेली. पहिला बार तिच्या मागे, मुद्दाम, थोडा खाली. मग डावा चाप. वाजला. चकतीची काळी भुकटी झाली आणि वार्‍यानं ती बाजूला नेली.

त्यानंतर मी प्रत्येक चकती पहिल्याच बारात फोडायचा प्रयत्न केला, डाव्या नळीला शक्यतो त्रास न देता. बहुतेक जमलं. पात्रता मिळाली, यादीत अगदी तळाशी. तळाशी असली तरी ती पात्रताच असते.

संध्याकाळी टाकव्याच्या दादाला फोन केला. त्यानं तो मावशीच्या हातात दिला.

"वाजली का गं?"

"वाजली, मावशी. एकदा नाही वाजली."

"कुटली?"

"डावी."

"रुसली आसंल." मग म्हणाली, "तू कुकू लावतीस का तिला?"

"नाही."

मला वाटलं, आता बोलणी खायची. 

"मंग नगं लावू," मावशी म्हणाली. "म्या लावायची, कारन ती माज्या घरात हुती. आता तुजी हाय. फुडं कदी हाय तुजं?"

"दोन महिन्यांनी. लांब आहे, दिल्लीकडे. त्याआधी तिची स्प्रिंग बदलायचीय. सैल झालीय."

"मंग बदल की आदी. आन् त्या मेल्या दुकानदाराकडनं नगं घिऊ. उदबत्तीसुद्दा लावत न्हाई."